खळ्यावरच्या मोटारी

रविवार, ३ फेब्रुवारी १९७४

आज इनामगावात माणसांपेक्षा मोटारी जास्त होत्या. पेपरात पांढरीच्या टेकाडाचा, म्हणजे खोदकामात निघालेल्या जुन्या वस्तीचा, फोटो आल्यापासून दर रविवारी हेच. पुण्याची कॉलेजं, दौंडचे रेल्वेवाले, शिरूरचे वकील, सगळ्यांना घोडनदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी मेलेली माणसं बघायची आहेत. जिवंत माणसांच्या शेतात मोटार घातल्याशिवाय मात्र ती दिसत नाहीत, अशी त्यांची समजूत झालेली आहे. एक फियाट हौसरावाच्या कांद्यात उभी होती. एक जीप विहिरीच्या थारोळ्याला लागून. एस.टी.ला वळायला जागा नव्हती, म्हणून ड्रायव्हरने चावडीपर्यंत उलटी नेली आणि वाटेत दोन कोंबड्या आणि एका माणसाची झोप घालवली.

मी एका जीपच्या बॉनेटवर चढून बोललो. इतिहास बघायला येणाऱ्यांनी वर्तमान तुडवू नये, हा मुद्दा. बोलणं चांगलं झालं. मागून आलेल्या मोटारीही ऐकायला थांबल्या, त्यामुळे रस्ता जो बंद झाला तो दुपारपर्यंत बंदच राहिला. सिंधू घरी म्हणाली, "अवं, तुमी गप बसला आसता तर लवकर मोकळा झाला आसता." तिला वक्तृत्वाचं वावडं आहे.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

पंचायतीची मीटिंग. हौसराव तुडवलेल्या कांद्याची पात टेबलावर ठेवून बसला होता. सरपंच मारुतराव म्हणाले, महिन्याभरात बंदोबस्त झाला नाही तर पांढरीच्या वाटेवर काट्या टाकू आणि खोदकामवाल्यांना सांगू, बघे बंद.

मी उठलो. म्हणालो, त्या मातीतून निघणारी मडकी सगळ्यांची आहेत. तिथे निजलेल्या माणसांत कोण वरच्या आळीचा आणि कोण खालच्या आळीचा हे कुणाला ओळखता येत नाही, आणि नेमकी तीच जागा तुम्हाला काट्या टाकून बंद करायची आहे.

"बंद करू नका म्हन्ता, मग तुमीच बगा की, मेंबर," मारुतराव म्हणाले. "मोटारखातं तुमच्याकडं. तुमच्या तोंडाला मोटारी तरी भितील."

सगळे हसले. राखीव जागेवरून निवडून आलो त्याला दोन वर्षं होत आली. आजवर माझ्याकडे काही दिलं नव्हतं, आज दिलं ते हसत दिलं. मी स्वीकारलं. हसणाऱ्यांना काय कळणार, जागेचं वाटप हाच सगळ्या राजकारणाचा पाया आहे. कोण कुठे उभा राहणार, एवढाच तर आपल्या देशातला जुना प्रश्न.

घरी वडिलांना, आबांना, सांगितलं. ते म्हणाले, "मोटारखातं म्हंजी मोटार मिळणार का?" नाही म्हटल्यावर त्यांनी कूस बदलली.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

सायकलचं दुकान दुपारी बंद ठेवून जागांची पाहणी केली. नदीकाठची वाळू दिसायला सपाट, पण भरवशाची नाही. गायरान उंचसखल. शाळेचं पटांगण लहान आणि मास्तर मोठे भांडखोर.

एकच जागा योग्य आहे, पुतळाबाईचं खळं. पांढरीला लागून, ऐसपैस, शेणामातीने सारवून चोपून दगडासारखं कडक केलेलं. पंचवीस मोटारी सहज मावतील.

हे खळं मी लहानपणापासून ओळखतो, बाहेरून. आबा मळणीच्या दिवसांत खळ्याच्या पूर्वेच्या कडेला, बाभळीखाली, घोंगडी पसरून उभे राहायचे. मी त्यांच्या मागे. पुतळाबाईचा सासरा रास मोजून झाली की आमच्या घोंगडीत बलुत्याचं सूप लांबून रिकामं करायचा. दाणे घोंगडीबाहेर सांडले तर आबा वेचायचे. छप्पन्न सालानंतर आम्ही ते बंद केलं. आबा स्वतः घोंगडी घेऊन घरी आले आणि म्हणाले, आता हिच्यावर झोपायचं.

हा मुद्दा इथे अर्थातच गैरलागू आहे. जागा मी केवळ सपाटी पाहून निवडली.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

पुतळाबाईकडे गेलो. बाई खळ्यावर होत्या, शेणकाला करत. वय साठीचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मुंबईला गिरणीत. शेती एकटीने बघतात.

मी कडेला उभा राहून नमस्कार केला.

"ये की आत," त्या म्हणाल्या. "चपला काढ आन् ये."

मी म्हणालो, चप्पल मी विहारात काढतो आणि घरी काढतो. तिसऱ्या ठिकाणी काढणार नाही.

"मग उभा ऱ्हा तितंच," म्हणाल्या आणि पुन्हा सारवायला लागल्या. सगळी बोलणी अशी झाली, मी कडेला आणि त्या मधे. त्यांना माझ्याकडे पाहायलाही सवड नव्हती.

मी सार्वजनिक हिताचा मुद्दा मांडला. दर रविवारी फक्त एक दिवस.

"आरं, दोन साल दुस्काळ. आवंदा कुठं ज्वारीनं मान वर केलीया. येत्या आठवड्यात कणसं येतील खळ्यावर. बैल एकच ऱ्हायला, दुसरा छावणीतच गेला. कुणाची जोडी रिकामी व्हईल तवा मळायचं. त्यात तुज्या मोटारी कुठं घालू, राशीवर?"

मी म्हणालो, पंचायतीचा ठराव करावा लागेल.

"कर की. आन् मोटारीलाबी सांग, चपला काढून या म्हणावं."

ही वरच्या आळीची मग्रुरी आहे. सविस्तर लिहायला हवं होतं, पण दिव्यात तेल नाही.

रविवार, १० फेब्रुवारी

आज प्रयोग म्हणून नदीकाठची वाळू वापरली. पाटी रंगवून लावली: मोटारी येथे उभ्या कराव्यात. लोक आज्ञाधारक निघाले. सगळ्या उभ्या केल्या. मग सगळ्या रुतल्या.

संध्याकाळपर्यंत गावातल्या बैलजोड्या मोटारी ओढत होत्या. पुण्याचा एक प्राध्यापक मला म्हणाला, "ताम्रपाषाण युगातली वाहतूक प्रत्यक्ष पाहायला मिळाली." मी त्याला उत्तर दिलं असतं, पण त्याच वेळी मारुतरावांच्या पांढऱ्या बैलाने अँबॅसिडरला ओढायचं नाकारलं आणि तिच्याकडे पाठ करून तिच्या बंपरवर शेण टाकलं.

शेतकरी चिडले. मळणीच्या ऐन दिवसांत बैल दमले. हौसराव म्हणाला, "मेंबर, पुढल्या ऐतवारी मोटारी नदीतच घाला. न्हाऊन तरी निघतील."

मंगळवार, १२ फेब्रुवारी

ठराव मंजूर. फक्त रविवारी, पुतळाबाईचं खळं, वाहनतळ म्हणून. मी बोललो पाऊण तास. जमिनीची मालकी आणि जमिनीचा उपयोग यांतला फरक समजावून सांगितला. मारुतराव मधेच घोरले, पण हात वर करायच्या वेळी जागे झाले. माझ्या कारकिर्दीतला पहिला ठराव.

घरी आलो तर आबा जेवायचे थांबले होते. म्हणाले, "दाण्याच्या जागंवर मोटारी घालतोस व्हय?"

मी म्हणालो, आबा, त्याच जागेवर तुम्हाला कडेला उभं केलं होतं.

"मला तिच्या सासऱ्यानं उभं केलं हुतं. खळ्यानं न्हाई."

मी विचारलं, मग चपला कशाला काढायच्या? कुणापुढे वाकायचं?

"पाटलापुढं नव्हं रं. पोटात जातंय ते. त्याच्यावर पाय कसा द्यायाचा?"

जुन्या पिढीला गुलामीचं गुलामीपण शेवटपर्यंत कळत नाही. वाईट वाटतं. सिंधूने दोघांच्याही ताटात भाकरी जरा जोरातच आपटली. कुणाची बाजू घेतली ते समजलं नाही.

रविवार, १७ फेब्रुवारी

काय लिहावं. घडलं तसं लिहितो.

सकाळी ठरावाची प्रत घेऊन गेलो तर पुतळाबाईंनी सगळ्या खळ्यावर कणसं पसरून ठेवलेली. मधोमध तिवडा रोवलेला, बैलांची पात बांधायचा खांब, आणि त्याला एकच बैल. त्या स्वतः तिवड्याला टेकून उभ्या. मी कडेवरून ठराव वाचायला सुरुवात केली. मागे मोटारींची रांग लागली. रांग पाहून मला अधिकच बोलावंसं वाटलं. पाहायला सगळं गाव जमलं. आबाही आले आणि बाभळीखाली उभे राहिले, थेट त्या जुन्या जागी. मला ते बरं वाटलं नाही.

मी निष्कर्षाकडे येत होतो, तोच दौंडच्या एका डॉक्टरांची फियाट रांग मोडून पुढे आली आणि सरळ कणसांवर चढली. गृहस्थ जाडजूड, ऐकायला कमी येतं की माझं ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. कणसं चाकांखाली करकर वाजली. बैल दावं तोडायला निघाला. मी ठरावाची प्रत खाली घेतली.

पुतळाबाई चाकामागे वाकल्या. मूठभर कणसं उचलली, हातावर चोळली, फुंकर मारली. तळहातावर स्वच्छ टपोरे दाणे राहिले.

"डाक्टर," त्या म्हणाल्या, "जरा मागं घ्या. आता पुढं. आता खांबाभवती फिरवा."

"बाई, पेट्रोलचा भाव माहीत आहे का तुम्हाला?" डॉक्टर म्हणाले.

"न्हाई. तुमाला ज्वारीचा ठावं हाय का?"

डॉक्टर हसले आणि फिरवली. बैल सोडून बाभळीला बांधला. दुसरी मोटार पुढे आली, मग तिसरी. सगळ्या एकामागून एक तिवड्याभोवती फिरू लागल्या, आणि कुणी उलटी वळायला लागला, कुणी राशीबाहेर जायला लागला. तेवढ्यात आबांनी पायातल्या वहाणा काढल्या, कडेला ठेवल्या आणि सरळ खळ्याच्या मध्यावर गेले. तिवड्याला पाठ लावून काठी उचलली. "हं, निळी मोटार, आत ये. तू लांब ऱ्हा रं, फटफटी. हौ, हौ." लाजिरवाणी गोष्ट एवढीच, की मोटारी माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकत होत्या.

मग नियम आपोआप ठरला. मोटार लावायची असेल तर आधी सात फेऱ्या मारायच्या, मग कणसं सरकवून मोकळ्या केलेल्या दक्षिणेच्या पट्ट्यात उभी करायची. उतरताना चपला काढायच्या. नायलॉनच्या साड्या नेसलेल्या पुण्याच्या बायका अनवाणी, एकमेकींचा हात धरून कणसांवरून चालत गेल्या आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांपेक्षा त्यांना यातच जास्त गंमत वाटली. ज्यांना फेऱ्या नको होत्या त्यांनी मोटारी फाट्यावर लावल्या आणि चालत आले. रस्ता सकाळभर मोकळा. एस.टी. वळली.

तिन्हीसांजेला पुतळाबाई म्हणाल्या, "चांगदेव, दमलास. भाकर खाऊन जा."

मी म्हणालो, खळ्यावरून घेऊन जायचे आमचे दिवस संपले.

"मी न्ह्यायला कुठं सांगते? बसून खा म्हन्ते."

मी आभार मानून निघालो. दिवसभर मी कडेला उभा होतो, चपला घालून. तत्त्व म्हणजे तत्त्व.

सोमवार, १८ फेब्रुवारी

मारुतराव खूश. जे हसत होते तेच आज दुकानावर आले. हौसरावाची तर विनंती, "मेंबर, पुढल्या ऐतवारी दोन-चार मोटारी माज्या खळ्यावर वळवा की. अँबॅसिडर असली तर बरं, वजनदार पडती."

योजनेमागचा विचार मी दुकानात सर्वांना समजावला. श्रमाशिवाय जागा नाही. जो जागा वापरेल त्याने त्या जागेचं काम करावं. मागणी आपोआप आटोक्यात येते. मी हे आधीपासून असंच योजलं होतं, असं लोकांना वाटलं. मी त्यांचा गैरसमज दूर करण्यात वेळ घालवला नाही.

सिंधूने पंक्चर काढायच्या पाण्यात हात धुतले आणि म्हणाली, "डाक्टरला ऐकू आलं असतं तर काय झालं असतं?"

गुरुवार, २१ फेब्रुवारी

सकाळपासून पश्चिमेला आभाळ. वारा पडलेला. या दिवसांत ही लक्षणं वाईट.

पुतळाबाईची निम्मी कणसं अजून मळायची आहेत, उघड्यावर. भिजली की काळी पडणार, कोंब फुटणार, वर्षाची ज्वारी गेली. गावातली एकही जोडी रिकामी नाही, जो तो आपली रास आवरतोय. आणि मोटारी रविवारी येणार. आज गुरुवार.

दुपारी गेलो. बाई एकट्या कणसांवर बांबूने बडवत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आज ठराव न्हाई आणला?"

ज्वारी त्यांची, पण मोटारींच्या भरवशावर बैलांसाठी त्या कुणाच्या दारात गेल्या नव्हत्या, आणि मोटारखातं माझं. दुकानाला कुलूप घातलं आणि मिळाली ती एस.टी. धरून दौंडला गेलो.

डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी होती. मी बाकावर उभा राहिलो आणि बोललो. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं भाषण असावं. अन्न, आभाळ आणि माणसाचं नातं. एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याचा खोकलासुद्धा थांबला. डॉक्टर आतून आले, गळ्यातली नळी कानातून काढत म्हणाले, "काय झालं? थोडक्यात सांगा."

मी म्हणालो, पाऊस येतोय, पुतळाबाईची ज्वारी उघड्यावर आहे.

"मग आधी हे सांगायचं ना," म्हणाले आणि किल्ली घेतली.

त्यांची फियाट, मेव्हण्याची जीप आणि बाकावर बसलेल्या एका सरदारजीचा रिकामा ट्रक. भाषणाचा परिणाम. उजेड असतानाच पोचलो.

आबा आधीच तिवड्यापाशी होते, कुणी न सांगता. सिंधूही आली होती, पुतळाबाईबरोबर कणसं पसरत. मोटारी सुरू झाल्या. ट्रक अवजड, त्याला तिवड्याजवळून वळवणं कठीण. सरदारजी ओरडत होता, "ओ बाबाजी, किधर?" आबांना धुळीने ठसका लागला, काठी हातातून पडली, ते खाली बसले. ट्रक त्यांच्याच रोखाने येत होता.

मी धावलो. आबांना बाजूला घेतलं, काठी उचलली आणि ट्रक वळवला. मग जीप वळवली. मग वळवतच राहिलो. घसा बसला. एवढ्या वर्षांत भाषणांनी बसला नव्हता तो "हौ, हौ" करून बसला. अंधारायच्या आत सगळं मळून झालं. उफणायला वारा नव्हता, म्हणून भुसकटासकट पोत्यात भरलं आणि ट्रकमधून पुतळाबाईच्या ओसरीवर नेऊन टाकलं. शेवटचं पोतं आत गेलं आणि टपोरे थेंब सुरू झाले. डॉक्टरांनी गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून हातावर पाऊस घेतला आणि नुसते हसले.

आत्ता घरी आलो. बाहेर पाऊस पडतोय. आबा झोपलेत. सिंधू माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "चपला कुठंयत?"

आठवत नाही. ट्रकच्या वेळी घाईत कुठेतरी राहिल्या असतील. माणूस धावताना असं होतं. नवीन होत्या, शिरूरच्या बाजारातल्या. पावसात वाया गेल्या.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

सकाळी चपला शोधायला गेलो. खळं धुऊन निघालेलं, तिवडा एकटा उभा.

चपला पूर्वेच्या कडेला होत्या, बाभळीखाली. धावताना पडल्या असत्या तर एक इथे, एक तिथे असायला हवी होती. त्या मात्र शेजारी शेजारी, नीट जोडीने काढून ठेवलेल्या. त्यांच्यावर कुणीतरी सूप पालथं घातलं होतं. रात्रभराच्या पावसात सूप भिजून काळं पडलं होतं. खाली चपला कोरड्या होत्या.

सूप द्यायला पुतळाबाईकडे गेलो. त्या ओसरीवर चुलीपाशी होत्या. सूप घेतलं, भिंतीला टेकवलं. म्हणाल्या, "बस. नव्या ज्वारीची पहिलीच हाय."

मी चपला दाराबाहेर काढल्या आणि बसलो. त्यांनी ज्या ताटात स्वतःसाठी वाढून घेतलं होतं ते माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतःला दुसरं घेतलं. भाकरी, ठेचा, कांद्याची पात.

या प्रसंगी दोन शब्द बोलायला हवे होते. मुद्देही होते. पण भाकरी गरम होती आणि तोंड भरलेलं होतं.